विषारी वायू मोजणारा माणूस आणि रक्ताचे चार थेंब

शौचाला रक्त पडले की आपल्याकडे तोंडात पहिला शब्द येतो तो मूळव्याध. महाड-पोलादपूरची वाडी असो की तिथल्याच चाकरमान्याची मुंबईतली खोली, उपचार ठरलेले असतात. तिखट बंद, ताक सुरू, कुणीतरी सांगितलेला झाडपाला, आणि डॉक्टरांकडे जाणे पुढच्या महिन्यावर. बहुतेक वेळा ती खरोखरच मूळव्याध असते. म्हणूनच जेव्हा ती नसते तेव्हा फसगत होते.

1963 साली अमेरिकेतल्या टॅलाहासी शहरातून मुंबईकडे निघालेल्या एका सत्तरी ओलांडलेल्या शास्त्रज्ञाला असेच रक्ताचे चार थेंब दिसले. ते परत येत होते ते भारतात, आपल्या घरी. वाटेत लंडनला थांबून त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना तपासायला सांगितले. तपासणीत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे गुदाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातल्या खाटेवर पडल्या पडल्या या गृहस्थांनी आपल्याच आजारावर एक विनोदी कविता लिहिली आणि 1964 च्या फेब्रुवारीत ती लंडनच्या एका नामांकित साप्ताहिकात छापून आली. ज्या अवयवाचे नाव चारचौघांत घ्यायला लोक लाजतात, त्याची तपासणी कशी झाली, बेरियमची बस्ती कशी दिली, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली कसा पाहिला, हे सगळे त्यांनी यमकात सांगितले.

हे होते जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन, विज्ञानजगतात जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने ओळखले जाणारे. आनुवंशिकतेला गणिताची बैठक देणाऱ्या तीन मोठ्या शास्त्रज्ञांपैकी ते एक. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात झाली ती एका वायूपासून. त्याला रंग नाही, वास नाही आणि चव नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड.

खाणीतले गुलाबी मृतदेह

हॉल्डेन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनाचे अभ्यासक. मुले मांजर-कुत्री पाळतात तसे या घरात वायू पाळलेले होते असे म्हटले तरी चालेल. गटारातली हवा, कारखान्यातली हवा, गर्दीच्या खोलीतली हवा, सगळ्यांचे नमुने घरी येत.

जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि 57 कामगार दगावले. लोकांचा समज असा की माणसे स्फोटाच्या धक्क्याने मेली. थोरले हॉल्डेन मृतदेह तपासायला गेले, तेव्हा त्यांना दिसले की बहुतेकांच्या अंगावर मरण येण्याइतकी इजाच नाही. उलट त्यांची त्वचा गुलाबी, जिवंत माणसापेक्षाही टवटवीत दिसत होती. रक्त तपासल्यावर खुलासा झाला. स्फोटानंतर खाणीत कार्बन मोनॉक्साइड पसरला होता आणि त्या वायूने माणसे मेली होती.

यामागचे कारण असे. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोचवते. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागी जाऊन बसतो आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड फक्त 0.1 टक्का मिसळला, तरी पुरेसा वेळ मिळाल्यास रक्तातले जवळपास निम्मे हिमोग्लोबिन तो अडवून ठेवतो. हिमोग्लोबिनला हा वायू चिकटला की रक्त लालचुटुक दिसते. म्हणून गुदमरलेला माणूस निळा पडण्याऐवजी गुलाबी दिसतो आणि पाहणारा फसतो.

टायलर्सटाउनच्या आधीच थोरल्या हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून पाहिला होता. आपल्या रक्तातले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन अडेपर्यंत ते श्वास घेत राहिले आणि पाय लटपटणे, नजर अंधुक होणे, विचार सुचेनासा होणे याची नोंद करत राहिले. आणखी एका प्रयोगात त्यांनी उंदराला कार्बन मोनॉक्साइडसोबत दुप्पट दाबाचा ऑक्सिजन दिला. उंदीर जगला. हिमोग्लोबिन अडले असले, तरी दाबामुळे रक्ताच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्याला पुरला. आज या विषबाधेच्या गंभीर रुग्णांना दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देतात, त्याचे मूळ या उंदरात आहे. खाणीत छोटे प्राणी सोबत न्यावेत ही शिफारसही त्यांचीच. उंदीर किंवा कॅनरी पक्षी माणसापेक्षा जलद श्वास घेतात, म्हणून ते आधी कोसळतात आणि माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी 1986 पर्यंत होते.

बापाचा गिनीपिग

अशा घरात वाढणाऱ्या मुलाची प्रयोगशाळेत लवकरच भरती झाली. चार वर्षांचा होण्याआधीपासून त्याच्या रक्ताचे नमुने वडील घेत. थोडा मोठा झाल्यावर वडील त्याला खाणीत घेऊन गेले. खाणीच्या छताशी मिथेन साठतो, कारण तो हवेपेक्षा हलका. वडिलांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला सांगितले. काही ओळींतच मुलाला धाप लागली, पाय गळाले आणि तो खाली पडला. जमिनीलगतची हवा चांगली होती, म्हणून लगेच सावरलाही. वायू कुठे साठतो आणि कुठे साठत नाही हा धडा त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही.

ऑक्सफर्डमध्ये तो गणित शिकला, मग ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य आणि तत्त्वज्ञान. विज्ञानाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. तरीही 1912 मध्ये, विशी गाठण्यापूर्वीच, एका महत्त्वाच्या शोधनिबंधावर त्याचे नाव होते. सोबत वडील आणि त्यांचे सहकारी डग्लस. विषय होता हिमोग्लोबिनशी ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड कोणत्या प्रमाणात जोडले जातात याचे नियम. गणिताची बाजू मुलाने सांभाळली होती. कुठल्या वायूचा किती दाब असेल तर रक्तात कुणाचा वाटा किती, हे आता कागदावर मांडता येऊ लागले. एखादी गोष्ट विष आहे एवढे म्हणून थांबायचे नाही, किती असली तर काय होते ते मोजायचे, ही हॉल्डेन यांची आयुष्यभराची सवय इथे पडली.

महूचा मुक्काम

पहिल्या महायुद्धात ते स्कॉटिश पलटणीत अधिकारी होते. जर्मनांनी विषारी वायू सोडल्यावर वडील मुखवट्यांची परीक्षा घेऊ लागले, तेव्हा क्लोरीन भरलेल्या खोलीत बसणाऱ्यांत मुलगाही होता. पुढे मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांची रवानगी भारतात झाली आणि महूच्या लष्करी छावणीत ते सैनिकांना हातबॉम्ब वापरायला शिकवू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून महूचे नाव चवदार तळ्याच्या महाडला परके नाही. भारत हॉल्डेन यांना आवडला, पण गोऱ्या अधिकाऱ्याने इथल्या माणसांशी बरोबरीने वागायचे नाही हा रिवाज त्यांना सलला. बरोबरीने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे ठरवून ते गेले आणि खरोखरच चाळीस वर्षांनी परत आले.

मधल्या काळात केंब्रिजला जीवरसायनशास्त्र आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आनुवंशिकता, असा त्यांचा प्रवास झाला. निसर्गनिवडीचे गणित 1924 पासून त्यांनी निबंधामागून निबंध लिहून मांडले. थॅलेसेमियाचे जनुक मलेरियाच्या प्रदेशात टिकून का राहिले असावे, याचा तर्क त्यांनी 1949 मध्ये सांगितला. जनुकाची एकच प्रत बाळगणाऱ्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, हा तो तर्क पुढच्या संशोधनाने उचलून धरला.

स्वतःच्या अंगावरचे प्रयोगही थांबले नाहीत. रक्त आम्लधर्मी झाले की काय होते हे पाहण्यासाठी ते अमोनियम क्लोराइडचे पाणी प्यायले आणि पुढे कित्येक दिवस धापा टाकत होते. 1939 च्या जूनमध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि 99 जण गेले. तेव्हा बंद कोठडीत कार्बन डायऑक्साइड वाढत जाताना माणूस कसा खचतो, हे हॉल्डेन यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना कोंडून घेऊन पाहिले. दाबाखालच्या ऑक्सिजनने त्यांना झटके आले आणि पाठीच्या मणक्यांना इजा झाली. ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. हा मार्ग कुणी अनुसरावा असा नाही. पण जे इतरांवर करायचे ते आधी स्वतःवर, ही त्यांची नीती होती.

या सगळ्यात कार्बन मोनॉक्साइड पुन्हा एकदा डोकावला. 1927 मध्ये हॉल्डेन यांनी दाखवले की हा वायू हिमोग्लोबिनपुरताच थांबत नाही. ऊतींमधल्या पेशींच्या श्वसनयंत्रणेवरही तो परिणाम करतो. ज्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन नाही अशा सजीवांवरही त्याचा प्रभाव पडतो. त्या काळी ही विषाची आणखी एक बाजू वाटली. हा वायू पेशींच्या कामात हात घालू शकतो, तर शरीर स्वतःच त्याचा उपयोग करत असेल का, हा प्रश्न विचारला जायला अजून बराच अवकाश होता.

कुडता घातलेला प्राध्यापक

1957 मध्ये हॉल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कोलकात्याला आले आणि महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. कुडता घालू लागले, शाकाहारी झाले, पुढे भारताचे नागरिकही झाले. इथल्या तरुणांना ते सांगत की संशोधनाला महागडी यंत्रेच लागतात असे नाही. आसपासची झाडे, पाखरे, गांडुळे मोजा, नोंदी ठेवा, त्यातून विज्ञान निघेल. 1962 पासून भुवनेश्वर हे त्यांचे गाव झाले. तिथे आनुवंशिकतेची प्रयोगशाळा उभी करण्याचे काम चालू असतानाच त्यांनी 1963 चा तो अमेरिका दौरा केला.

थेंब थोडेच होते. वेदना होती असेही नाही. सत्तरीच्या माणसाने मूळव्याध म्हणून सोडून दिले असते तर कुणी दोष दिला नसता. ते लंडनला थांबले, तेव्हाही आजार अंगात मुरलेला होता. तरी शस्त्रक्रिया करता आली, आणखी काही महिने काम करता आले.

शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या पोटावर शौचासाठी नवी वाट काढण्यात आली. वैद्यकात तिला कोलोस्टॉमी म्हणतात. आतड्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर आणून शिवायचे आणि त्यावर पिशवी लावायची. या अवस्थेची थट्टा त्यांनी कवितेत केली आहे. काही वाचकांना ती रुचली नाही. कर्करोगावर विनोद करावा का, असा त्यांचा आक्षेप होता. हॉल्डेन यांचा हेतू सरळ होता. अशा तक्रारी घेऊन लोकांनी वेळेत डॉक्टरांकडे यावे आणि हसत यावे, म्हणजे लाज आणि भीती थोडी कमी होईल. आजही पोटावर पिशवी असलेले कितीतरी रुग्ण लग्नकार्याला जाणे सोडतात, एसटीत बसायला घाबरतात. पिशवी नीट बसवायला शिकले की माणूस शेतातही जाऊ शकतो आणि पंगतीतही बसू शकतो. या गोष्टी ऐंशी पानांच्या माहितीपुस्तकापेक्षा एका वृद्ध शास्त्रज्ञाच्या थट्टेने अधिक पटतात.

झोपलेले आतडे

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली की आतडे काही काळ कामबंद करते. नातेवाईक बाहेर विचारत असतात की पाणी कधी द्यायचे आणि डॉक्टर रुग्णाला विचारत असतात की वारा सरला का. हा प्रश्न ऐकून लोक ओशाळतात, पण आतडे जागे झाल्याची ती साधी खूण आहे. साधारणपणे लहान आतडे दिवसाभरात सावरते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस. त्याहून लांबले तर पोट फुगते, उलट्या होतात, अन्न सुरू करता येत नाही, घरी जाणे लांबते.

आतडे का थांबते याचा पहिला धागा सापडला तो 1899 मध्ये, हॉल्डेन पुढे ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले तिथेच. बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवले की पोट उघडले आणि आतडे हाताळले की मज्जातंतूंवाटे आतड्याला थांबण्याचा निरोप जातो. ते तंतू कापले की हालचाल परत येते. दुसरा धागा खूप नंतर मिळाला. हाताळलेल्या आतड्याच्या स्नायूंच्या थरात काही तासांनी दाह सुरू होतो. तिथल्या भक्षक पेशी जाग्या होतात, रक्तातून आणखी पेशी बोलावतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी स्नायू सुस्त पडतो. आधी मज्जातंतूंचा लगाम आणि मागाहून ही सूज, अशा दोन टप्प्यांत आतडे झोपते.

इथे तो जुना वायू परत येतो. मानवी शरीर स्वतः थोडासा कार्बन मोनॉक्साइड तयार करते, हे स्वीडनमधल्या शोस्ट्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. जुन्या लाल पेशी मोडतात, त्यांतल्या हीम या घटकाचे विघटन होते आणि त्यातून हा वायू निघतो. ते काम करणारे विकर, हीम ऑक्सिजनेज, 1968 मध्ये हाती लागले. पुढे कळले की हे विकर आतड्यातही असते. तिथे ते बनवत असलेला किंचितसा वायू हा निव्वळ कचरा नाही. आतड्याच्या स्नायूंची विद्युत-लय जुळवण्यात त्याचा वाटा आहे आणि दाह आवरण्यातही.

मग काही संशोधकांनी उलटा विचार केला. हा वायू दाह आवरत असेल, तर शस्त्रक्रियेच्या वेळी तो मोजून दिला तर? 2003 मध्ये अमेरिकेतल्या गटाने उंदरांना हवेच्या दहा लाख भागांत 250 भाग कार्बन मोनॉक्साइड देऊन त्यांचे आतडे हाताळले. ज्या उंदरांना वायू मिळाला, त्यांच्या आतड्याची हालचाल कमी बिघडली आणि दाहही कमी झाला. 2005 मध्ये थोड्या वेळाच्या मात्रेचा असाच फायदा डुकरांमध्येही दिसला. वायू हुंगायला देण्याऐवजी शरीरात गेल्यावर तो हळूहळू सोडणारी संयुगेही प्रयोगशाळांत तयार झाली आहेत.

पण हा उपचार रुग्णालयात रूढ झालेला नाही. कारण हॉल्डेन पितापुत्रांनी काढलेल्या हिशेबातच आहे. 250 चे हे प्रमाण काही तास श्वासात गेले तर माणसाचे डोके दुखू लागते, मळमळते. हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेल्याला तर त्याहून कमीही बाधू शकते, आणि आपल्याकडे रक्तक्षयाचे रुग्ण थोडे नाहीत. उंदराला मानवलेली मात्रा साठीच्या, रक्त कमी असलेल्या, आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या शेतकऱ्याला मानवेल असे गृहीत धरता येत नाही. औषध आणि विष यांतले अंतर जिथे इतके अरुंद, तिथे घाई करता येत नाही.

तोवर झोपलेले आतडे जागे करण्याचे उपाय साधे आहेत. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवणे आणि चालवणे. नाकातून जठरात जाणारी नळी उगाच अनेक दिवस न ठेवणे. अफूवर्गीय वेदनाशामके गरजेपुरती देणे, कारण तीही आतडे मंदावतात. डॉक्टरांनी सांगितले की तोंडाने थोडे थोडे सुरू करणे. च्युइंगम चघळण्यानेही मदत होते, कारण चघळले की आतड्याला वाटते अन्न येते आहे. नातेवाइकांनी एक समजून घ्यावे. टाके उसवतील म्हणून रुग्णाला हलूच न देणे हे प्रेम असले तरी त्याने आतड्याची झोप वाढते.

घरातला कार्बन मोनॉक्साइड

हा वायू कधीकाळी औषध होईल की नाही ते पुढे कळेल. आज मात्र तो घरात जीव घेतो. पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने वर चढत गेले की थंडीत आणि पावसात दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवण्याचा मोह होतो. बाळंतिणीच्या खोलीत तर ती हमखास असते. शहरात तेच काम बंद न्हाणीघरातला गॅस गिझर करतो. जळण्याला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणसाला वाटते थकवा आला, थोडे पडावे. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे वाटू लागले, तर शंका घ्यायलाच हवी.

अशा वेळी दारे-खिडक्या उघडा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा, रुग्णालयात न्या आणि तिथे शेगडी किंवा गिझर चालू होता हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचे साधे यंत्र इथे फसवते. ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन आणि या वायूने अडवलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे आकडा उत्तम दिसतो आणि रुग्ण मात्र गुदमरत असतो. टायलर्सटाउनच्या गुलाबी मृतदेहांसारखीच ही फसवणूक आहे. उपचार म्हणजे ऑक्सिजन, आणि तो लवकर. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर हेच काम साधारण तासा-दीड तासात होते.

शेवटची देणगी

हॉल्डेन शस्त्रक्रियेनंतर भुवनेश्वरला परतले आणि कामाला लागले. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी आणखी एक विलक्षण गोष्ट केली होती. आपला मृत्युलेख आपणच बोलून बीबीसीसाठी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवला होता. त्याच वर्षी आजार पुन्हा उलटला. 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले. वय 72. इच्छेप्रमाणे त्यांचा देह आंध्र प्रदेशातल्या काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. चार वर्षांचा होण्याआधी ज्याच्या रक्ताचे नमुने घेतले जाऊ लागले, त्याचे शरीर मरणानंतरही विज्ञानाच्याच कामी आले.

हॉल्डेन यांच्या आजारात तपासणी लवकर झाली तरी जीव वाचला नाही, मग धावपळ कशाला, असे कुणी म्हणेल. पण रक्त दिसणे ही नेहमीच आजाराची पहिली पायरी नसते. ते दिसल्यावर किती दिवस दवडायचे एवढेच रुग्णाच्या हातात असते. आतड्याचा कर्करोग आतल्या थरापुरता असताना सापडला तर शस्त्रक्रियेने तो पुरता बरा होण्याची शक्यता खूप मोठी असते. सहा महिने मलम आणि झाडपाल्यात गेले की ती घटत जाते. बहुतेक वेळा सुरुवात ज्या मांसल कोंबापासून होते, तो दुर्बिणीतून सापडला तर तिथल्या तिथे काढताही येतो.

रक्त मूळव्याधीचे की आणखी कशाचे, हे बाहेरून सांगता येत नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडू लागले, शौचाची नेहमीची सवय बदलली, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असे तीन-चार आठवडे चालले, शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटत राहिले, वजन उतरले, कारण नसताना रक्त कमी निघाले, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होऊन गेला असेल, तर थांबू नये. वय कमी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. पहिली तपासणी हातमोजा घातलेल्या बोटाने होते. तिला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात आणि ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही होते. गुदाशयातल्या कितीतरी गाठी या बोटालाच लागतात. शंका आली तर दुर्बिणीची तपासणी आणि तुकड्याची चाचणी यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते.

त्या दोन मिनिटांची लाज वाटून माणसे महिनोन् महिने घालवतात. बायका तर नवऱ्यालाही सांगत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांशी काय बोलायचे हे सुचत नसेल, तर एकच वाक्य पुरे आहे: शौचाला रक्त पडते आहे, तपासून बघा.